दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर

गल्लीच्या टोकाला इंजिनं दुरुस्त करायचं एक दुकान आहे. पुढे गंजलेलं शटर, आत ग्रीसने काळा झालेला ओटा, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले पाने-पकडी, आणि खाली पाय ठेवायला जागा नाही इतके पंप, जनरेटर आणि गवत कापायची यंत्रं. दुकानाला पाटीही आहे, पण ती वाचतो कोण? लोक एकमेकांना सांगतात, "कानसेनाकडे टाक, तो बघेल."

हा कानसेन म्हणजे तिथला मेकॅनिक. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळा, आणि स्वभाव असा की स्तुती केली तर मान खाली घालेल, पण कामाला नाव ठेवलं तर दिवसभर फणफणेल. हे टोपणनाव त्याला कुणी फुकटात दिलेलं नव्हतं. कुणी गाडी घेऊन कोपऱ्यावर वळला की हा आतूनच ओरडायचा, "प्लग काळा पडलाय, आण इकडे!" आणि प्लग काळाच निघायचा. त्याच्याकडे त्याच्या वस्तादाने दिलेला लाकडी मुठीचा, हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी हलकेच धरायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. "दाबायची नाही," वस्ताद बजावायचा. "कान म्हणजे काय दाराची कडी आहे?" मेकॅनिकने तीस वर्षं ती मूठ कधी दाबली नाही.

पण गेल्या दोन वर्षांत त्याच्या कानांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. आधी भिंतीवरचं घड्याळ गेलं. मग कुकरची शिट्टी लांब गेली, शेजारच्या घरात वाजल्यासारखी. मग बायकोचं गुणगुणणं थांबलं. बायको कपडे शिवते. मशीनवर बसली की बंद ओठांनी काहीतरी गुणगुणायची, चाल कुठली ते तिलाही सांगता आलं नसतं. ते एकाएकी बंद झालं. त्याला वाटलं, वय झालं तिचं. मुलगी लग्न होऊन लांब गेली, त्याचं दुःख असेल. नाहीतर आपलंच काहीतरी चुकलं असेल. त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकू यायला नको?

आता माणूस बहिरा झाला की ओरडून बोलतो, असं आपण समजतो. याचं उलटंच होतं. याला स्वतःचा आवाज डोक्यात इतका मोठा ऐकू यायचा की हा दिवसेंदिवस हळू बोलायला लागला. त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. उलट लोक म्हणायचे, वयाबरोबर किती शांत झाला! आणि लपवायची कला तर त्याने अशी कमावली होती की विचारू नका. समोरचा हसला की हसायचं, समोरचा थांबला की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो हो, चालेल की." या "चालेल की"पायी एकदा मेहुण्याचा कुत्रा आठवडाभर घरी येऊन राहिला. बायको दारात त्या धिप्पाड कुत्र्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, कान दाखवून या एकदा."

"माझे कान?" तो भडकलाच. "माझे?" त्या दिवशी तो जेवला नाही. कुत्रा मात्र दोघांचं जेवला. त्यानंतर तिने विषय काढला नाही.

आणि मग या महिन्याच्या सुरुवातीला "चालेल की"ने त्याचा घात केला.

दुकानाची जागा शेजारच्या फरशीवाल्याची. तीस वर्षांचा भाडेकरू म्हणून फरशीवाला आदराने वागायचा. तो एके दुपारी आला, ओट्याला टेकून बराच वेळ बोलला, मध्येच हसला, मध्येच गंभीर झाला. मेकॅनिकही बरोबर तेव्हा तेव्हा हसला आणि गंभीर झाला. शेवटी फरशीवाल्याने प्रश्नार्थक भुवया उंचावल्या. मेकॅनिक म्हणाला, "हो हो, चालेल की." फरशीवाल्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. डोळ्यांत पाणीबिणी. मेकॅनिकला वाटलं, काय बाबा हा माणूस हळवा!

दोन दिवसांनी फरशीवाल्याचा सुतार टेप घेऊन आला आणि दुकानाच्या भिंती मोजायला लागला. "काय काम आहे ते लिहून दे, विसरायला नको," असं निमित्त काढून त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं तेव्हा कळलं. फरशीवाल्याला माल ठेवायला जागा हवी होती. महिनाअखेर दुकान रिकामं करून द्याल का, असं त्याने विचारलं होतं. आणि यांनी आनंदाने होकार दिला होता!

आता जाऊन "मी हो म्हणालोच नाही" असं सांगावं, तर म्हणाला होता. "मला ऐकूच आलं नाही" असं सांगावं, तर कानसेन संपला. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत झालं असतं, कानसेन बहिरा! त्यापेक्षा दुकान गेलेलं बरं, असं त्याने ठरवून टाकलं. कानाने काम करणारा माणूस, कानच गेले, मग दुकान तरी कशाला हवं? बायकोलाही बोलला नाही. महिनाअखेर अकरा दिवसांवर आली होती.

अशात मैदानवाली ताई तिसऱ्यांदा आली.

ही ताई म्हणजे जवळच्या खेळाच्या मैदानाची राखणदार. बसून चालवायचं, चार चाकांचं गवत कापायचं यंत्र तिच्या ताब्यात. तिच्या भाषेत "माझी गाडी". पहिल्यांदा ती आली तेव्हा गाडी सुरू होताना अडत होती. चावी फिरवली की इंजिन अर्धा फेरा घ्यायचं, धक्का देऊन थबकायचं, पुन्हा कण्हत फिरायचं. मेकॅनिकने सवयीने मूठ कानाशी धरली, काही विशेष ऐकू आलं नाही, म्हणाला, "बॅटरी गेलीय." ताईने नवी बॅटरी घातली. तेच. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मग स्टार्टर." स्टार्टर बदलला. तेच. आज ती गाडी टेम्पोत घालून घेऊन आली होती आणि कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काका, गवत गुडघाभर झालंय माझं," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच मैदानाचा, त्यामुळे हे त्याला ऐकू आलं. "मुलं खेळायला येतात आणि अर्धा तास चेंडूच शोधत बसतात. काल एक चेंडू शोधताना त्यांना मागच्या वर्षीचा सापडला!"

"सुरू करा बरं," तो म्हणाला.

तिने चार-पाचदा चावी फिरवली, तेव्हा कुठे इंजिन लागलं. त्याने टोक टेकवलं, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. लांबून कुठूनतरी आल्यासारखी घरघर, बास. त्याने डोळे उघडले तर ताई त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत होती.

"अहो, ती टिकटिक ऐकू येत नाही तुम्हाला? वरच्या झाकणातून येतेय. मला सीटवर बसून ऐकू येतेय!"

तोंडात मारल्यासारखं झालं त्याला. तो खाली बघत, कसाबसा म्हणाला, "उद्या सकाळी या. ठेवून जा गाडी." ताई गेली. शटर अर्ध्यावर ओढून तो त्या यंत्रासमोर बसून राहिला. तीस वर्षांत गिऱ्हाइकाने मेकॅनिकला आवाज दाखवावा, अशी वेळ आली नव्हती. टिकटिक! पोराटोरांनाही कळते ती. झाकणाखालची फट वाढली की टिकटिक. आणि आपण बाईला बॅटरी विकत घ्यायला लावली.

पण हात गप्प बसेनात. त्याने पुन्हा इंजिन सुरू केलं. एका हाताने वेग वाढवायची तार ओढून धरली, दुसऱ्या हाताने निसटलेली पेट्रोलची नळी दाबून धरली. आता स्क्रूड्रायव्हर धरणार कशाने? त्याने वैतागून मूठ दातांत पकडली, वाकला, आणि टोक झाकणावर टेकलं.

टिक टिक टिक टिक टिक!

तो दचकून मागे सरकला. स्क्रूड्रायव्हर खाली पडला. कुणी दुकानात आलंय का म्हणून त्याने वळून बघितलं. कुणी नव्हतं. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, शर्टाला पुसला, पुन्हा दातांत धरला, टेकवला. पुन्हा टिक टिक टिक, अगदी डोक्याच्या मधोमध, लख्ख! टिकटिकीच्या खाली दट्ट्याची धपधप, त्याच्याही खाली पंख्याची सळसळ. दोन वर्षं हरवलेलं सगळं इंजिन त्याच्या दातांतून आत येत होतं. त्याचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते, त्यामुळे पाणी तसंच गालांवरून ओघळत राहिलं.

इंजिन बंद करून तो तसाच घरी निघाला. दोन गल्ल्यांवर घर. रस्त्यात लोकांनी बघितलं असेल तर बघितलं. बायको मशीनवर बसली होती. हा आला तो थेट फ्रिजपाशी गेला, स्क्रूड्रायव्हर दातांत धरून फ्रिजला टेकवला आणि आनंदाने हुंकारला. मग भिंतीवरच्या घड्याळाला. मग नळाला. मग मशीनला.

"अहो!" ती ओरडलीच. "डोकं फिरलं का तुमचं? काय चाटताय घरभर?"

त्याने स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढला. "घड्याळाला आवाज आहे," तो म्हणाला, आणि पुढे बोलायला गेला तर रडूच फुटलं. मग सगळंच बाहेर आलं. कान, हो हो करणं, ताईची बॅटरी, फरशीवाला, महिनाअखेर. तिने मशीन थांबवलं, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि त्याला ओठ दिसतील असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मला, ठाऊक, होतं. कानांचं. दुकानाचं नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. कुत्र्याच्या वेळी."

तो स्क्रूड्रायव्हर शर्टाला पुसत राहिला. ती म्हणाली, "आधी ताईची गाडी नीट करा. मग त्या फरशीवाल्याकडे जा. मी नाही येणार बरोबर. तोंडाने हो म्हणालात, तोंडानेच नाही म्हणा."

सकाळी ताई आली तेव्हा त्याने झाकण उघडून ठेवलं होतं. पहिल्यांदाच त्याने एका गिऱ्हाइकाला शेजारी स्टुलावर बसवून सगळं दाखवलं. आत दोन लोखंडी काड्या होत्या, खालून वर ढकलणाऱ्या. त्यांच्या डोक्यावर झोपाळ्याच्या फळीसारख्या दोन दांड्या. काडीने एक टोक वर ढकललं की दुसरं टोक खाली जातं आणि व्हॉल्व्ह उघडतो. त्याने दोन्ही काड्या काढून काचेवर घरंगळवल्या. सरळ गेल्या, एकही वाकलेली नव्हती. मग प्लगच्या भोकात बारीक काडी घालून त्याने इंजिन हाताने फिरवलं आणि दट्ट्या वर आणून किंचित खाली उतरवून ठेवला. "अगदी वरच्या टोकाला फट मोजायची नाही," तो म्हणाला. "तिथे माप खोटं निघतं." मग पातळ पोलादी पट्ट्यांचं गेज घेऊन दांडी आणि व्हॉल्व्हमधली फट मोजली. तिथे वहीचा कागद जेमतेम सरकावा, एवढी फट हवी. एकीकडे तेवढीच होती. दुसरीकडे पुठ्ठा गेला असता. नट ढिला झाला होता.

"एवढ्याशा फटीने माझी गाडी अडते?" ताईचा विश्वास बसेना.

"ऐका. सुरू करताना आतली दाबलेली हवा स्टार्टरला झेपत नाही. म्हणून आत एक बारीकसा उंचवटा ठेवलेला असतो. सुरुवातीला तो हा व्हॉल्व्ह केसभर उचलतो, थोडी हवा सोडून देतो. ही फट वाढली की उंचवट्याचा धक्का वरपर्यंत पोचतच नाही. व्हॉल्व्ह उचलला जात नाही, सगळा दाब स्टार्टरवर येतो, आणि तो बिचारा अर्ध्यात थांबतो. बघणाऱ्याला वाटतं बॅटरी गेली." तो थांबला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "मलाही वाटलं. मला ऐकू येत नाही, ताई. दोन वर्षं झाली. झाकण उघडून मोजलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. पण मला माझ्या कानांचा माज होता."

घराबाहेर पहिल्यांदा उच्चारलं त्याने ते. आभाळ कोसळलं नाही. ताई तिच्या मैदानी आवाजात म्हणाली, "म्हणून तुम्ही मागच्या खेपेला मी पुटपुटलेल्या शिव्यांवर हसत होतात होय!" आणि दोघंही खो खो हसले.

त्याने नट आवळला, पट्टी पुन्हा सरकवून बघितली, झाकण बसवलं. ताईने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, धक्का नाही की कण्हणं नाही. त्याने मूठ दातांत धरून टोक टेकवलं. टिकटिक गेली होती. ताईने ते सोंग बघितलं, पण आता तिने काही विचारलं नाही. ताईची जुनी बॅटरी चांगलीच होती, ती त्याने त्याच्या दुकानातल्या पंपासाठी विकत घेतली. चुकीचा सल्ला दिला होता, तिला तोंड दाखवायला हवं ना.

मग तो हात धुऊन फरशीवाल्याकडे गेला. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं, असं मनात आलं. पण थांबलो तर पुन्हा पाय मागे येतील, हेही त्याला ठाऊक होतं. तो थेट गल्ल्यासमोर उभा राहिला आणि, हल्ली कधी बोलत नव्हता एवढ्या मोठ्याने, म्हणाला, "भाऊ, मला ऐकू येत नाही. त्या दिवशी तुम्ही काय विचारलंत, ते मी ऐकलंच नव्हतं."

दुकानातली सगळी वळून बघायला लागली. फरशीवाल्याच्या हातातला पेन तसाच राहिला. त्याने ओठ मोठे करून विचारलं, "मग हसलात कशाला?"

"तुम्ही हसलात म्हणून."

"आणि हो म्हणालात ते?"

"सगळ्यांनाच म्हणतो. मेहुण्याचा कुत्रा सांभाळला आठवडाभर."

फरशीवाला चिडलाच होता. सुताराने फळ्या कापून ठेवल्या होत्या, माल वाटेत होता. तो बराच वेळ हातवारे करत बोलला आणि यातला एक शब्द मेकॅनिकला कळला नाही. पण या वेळी त्याने मान डोलवली नाही. बोलणं संपेपर्यंत तो नुसता उभा राहिला आणि मग खिशातली पेन्सिल आणि कागद पुढे केला. "लिहा. मला खरंच कळायला हवं."

फरशीवाल्याने कागदाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि त्याचा राग कुठे गेला कोण जाणे. त्याने लिहिलं, 'मागची अर्धी खोली मला द्या. पुढचं दुकान तुमचंच राहू द्या. आणि कान दाखवा!' शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.

मेकॅनिकने तो कागद तीनदा वाचला. जीव भांड्यात पडला त्याचा. "चालेल," तो म्हणाला. "हे चालेल, वाचून म्हणतोय."

त्याच आठवड्यात बायकोने त्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चिमट्यासारखं दोन पायांचं लोखंड टेबलावर आपटून त्याच्या कानासमोर धरलं. काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर दाबून धरला, तसा तो खुर्चीतून उडालाच.

"वस्ताद चुकला!" तो ओरडला. "मूठ दाबायची होती!"

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. पडद्यामागे तांदळाएवढी तीन हाडं असतात. पहिलं दुसऱ्याला ढकलतं, दुसरं तिसऱ्याला, आणि तिसरं आतल्या दाराला धक्का देतं. मेकॅनिक चित्रावर वाकला. त्याने बोट ठेवत विचारलं, "ही काडी. ही दांडी. हा व्हॉल्व्ह. बरोबर?" त्या हसत हो म्हणाल्या. त्यांनी लिहिलं, 'तिसरं जाम झालंय. आतली नस मात्र ठणठणीत आहे. छोटं ऑपरेशन करून बघता येईल. खात्री नाही, पण आशा चांगली आहे.'

"मग उघडा की झाकण," तो म्हणाला. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.

घरी आल्यावर बायको स्वयंपाकघरात गेली आणि लाटणं घेऊन बाहेर आली. तो एक पाऊल मागे सरकला, सवयीने. तिने हसत त्याला खाली बसवलं, लाटण्याचं एक टोक त्याच्या दातांत दिलं, आणि समोर बसून दुसरं टोक स्वतःच्या दातांत धरलं. दोघं साठीला टेकलेली माणसं, मध्ये लाटणं. तो हसणार इतक्यात त्याच्या डोक्यात तिचं गुणगुणणं सुरू झालं. तीच ती चाल, जिचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक वळण, मध्येच घेतलेला श्वास, सगळं जसंच्या तसं.

त्याने लाटणं हळूच काढलं. "परत कधी सुरू केलंस?"

तिला प्रश्न कळलाच नाही. मग कळला, आणि तिचा चेहरा एकदम बदलला. तिने त्याचा ग्रीसचा हात धरला आणि त्याला ओठ दिसतील असं, सावकाश म्हणाली, "अहो, मी थांबले कधी होते?"

मग त्याने लाटणं पुन्हा दातांत धरलं आणि दुसरं टोक तिच्यापुढे केलं.